रिकामी परतणारी मालमोटार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या शाळेच्या उत्तरेकडील व्हरांड्यास नवी फरशी बसविण्यात आली. निळसर हिरवी व हाताला गुळगुळीत लागणारी ही फरशी राजस्थानातील कोटा जिल्ह्यात निघते, आणि तिला सर्वत्र कोटा फरशी असेच म्हणतात. जून महिन्यात शाळा उघडल्यावर मुलांनी तिच्यावरून घसरून पाहिले, एकदोघांचे गुडघे फुटले, आणि मग सर्वजण तिला विसरून गेले. परंतु ती येथपर्यंत कशी आली ही हकीकत मला विसरता आली नाही. फरशी उतरविण्याच्या दिवशी मी शाळेत हजर होतो. ज्या मालमोटारीतून ती आली तिचा मालक हाच तिचा चालकही होता, आणि हे गृहस्थ आपल्याच नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे वडील निघाले.

हमाल फरशा उतरवीत होते तोवर आम्ही दोघे कडुलिंबाखाली बसलो. मी सहज विचारले, "एवढ्या फरशीसाठी मुद्दाम कोट्यास गेला होता काय?"

ते हसले. म्हणाले, "नाही गुरुजी, मी केळी घेऊन दिल्लीस गेलो होतो. ही फरशी म्हणजे परतीचे भाडे. हे मिळाले नसते तर अजून दिल्लीतच गाडी उभी असती." असे म्हणून त्यांनी खिशातून मोबाईल काढला व त्याच्या पडद्यावर हे भाडे त्यांना कसे सापडले ते मला दाखविले. त्या दिवशी जे पाहिले व पुढे चौकशी करून जे समजले, ते वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरी एखादी मालमोटार आहे अशा पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहे.

प्रथम आपल्या खानदेशाकडे पाहू. रावेर-सावद्याकडील केळी दिल्लीच्या आझादपूर मंडईत रोज जातात हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. केळे हा माल कोणाची वाट पाहत नाही. घड उतरले की गाडी भरली पाहिजे, भरली की निघाली पाहिजे, आणि हजार-अकराशे किलोमीटरांची मजल मारून ठरलेल्या सकाळी बाजारात उभी राहिली पाहिजे. यामुळे जातानाचे भाडे बहुधा निश्चित असते. व्यापारी ओळखीचा, माल ठरलेला, दर ठरलेला. खरा प्रश्न केळी उतरल्यानंतर सुरू होतो. गाडी रिकामी झाली. आता परत काय न्यावयाचे?

ज्या मोठ्या कंपनीच्या पदरी शेदोनशे गाड्या आहेत तिला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. तिच्या कचेऱ्या शहरोशहरी असतात, आणि दिल्लीतील कारकून गाडी पोचण्याच्या आधीच तिच्यासाठी परतीचा माल ठरवून ठेवतो. परंतु आपल्या देशातील बहुतेक मालमोटारी अशा कंपन्यांच्या नसतात. एक गाडी, दोन गाड्या, फार तर चारपाच, एवढ्यावर संसार चालविणारे मालक हेच या धंद्यात संख्येने अधिक आहेत. अशा माणसाचे दिल्लीत कोणी नसते. तो तेथील संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात गाडी नेऊन उभी करतो आणि एका दलालाच्या पेढीवरून दुसऱ्याच्या पेढीवर फिरू लागतो. शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात अकराव्या तासापर्यंत बाजारात रिकामे उभे राहिलेले मजूर आपणांस आठवत असतील. ते आळशी नव्हते. त्यांस कोणी कामावर लावले नव्हते, इतकेच. ट्रान्सपोर्ट नगरातील गाड्यांची रांग याच जातीची.

ह्या उभे राहण्याचा खर्च किती होतो? आमच्या त्या पालकांनी तेथेच बसून मला हिशेब सांगितला. तो स्थूल मानानेच घ्यावा. दहा चाकांची गाडी रिकामी धावताना लिटरमागे साडेपाच किलोमीटर जाते असे धरले, तर अकराशे किलोमीटरांस दोनशे लिटर डिझेल लागते. दर लिटरमागे नव्वद रुपये धरला तरी अठरा हजार रुपये निव्वळ धुरात गेले. यांत रस्त्यावरील टोल, क्लीनरचा भत्ता व चाकांची झीज मिळवावी. हे टाळण्यासाठी भाड्याची वाट पाहत थांबावे, तर दिवस जातात. जाण्यास दोन दिवस, उतरविण्यास एक, भाडे शोधण्यात चार, आणि माल घेऊन परतण्यास तीन, अशी एक फेरी दहा दिवसांची होते; म्हणजे महिन्यात तीन फेऱ्या. शोधण्याचे चार दिवस एका दिवसावर आले तर फेरी सात दिवसांची होते, आणि महिन्यात चार फेऱ्या बसतात. गाडीवरील कर्जाचा हप्ता मात्र फेऱ्या मोजीत नाही. तो पन्नास हजारांच्या घरात आहे, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेस तो भरावाच लागतो. लागोपाठ काही हप्ते थकले की कर्ज देणारी मंडळी गाडी ओढून नेतात. "गाडी धावते तेव्हा आमचे पोट भरते, गुरुजी, उभी राहते तेव्हा ती आमचेच खाते," असे ते म्हणाले. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीची फी दोन वेळा उशिरा का आली, हे मला त्या कडुलिंबाखाली कळले. कचेरीतून तिला दोनदा चिठ्ठी गेली होती, आणि त्यांतील एक मीच लिहिली होती.

आता मुख्य विषयाकडे वळतो. ह्या सर्व नुकसानीचे मूळ पाहिले तर ते बहुतांशी अज्ञानात आहे. दिल्लीत गाडी रिकामी उभी असते त्याच वेळी दहा कोसांवरील एखाद्या गोदामात दक्षिणेकडे धाडावयाचा माल पडून असतो. गाडीवाल्यास माल ठाऊक नसतो व मालवाल्यास गाडी ठाऊक नसते. या दोघांची गाठ घालून देणे हा दलालाचा धंदा, आणि हेच काम करणारे जे साधन सांप्रत इंटरनेटवर उभे राहिले आहे त्यास पोर्टल म्हणतात. पोर्टल ह्या शब्दाचा मूळ अर्थ महाद्वार असा आहे. मोबाईलच्या पडद्यावर हे द्वार उघडले की एका बाजूने माल धाडणारे व दुसऱ्या बाजूने गाडीवाले आत येतात.

ही युक्ती अगदी नवीन आहे असे मात्र नाही. अमेरिकेत ऑरेगन संस्थानातील पोर्टलंड शहराजवळ ज्युबिट्झ नावाचा मालमोटारींचा मोठा थांबा आहे. तेथे १९७८ साली 'डायल-अ-ट्रक' ह्या नावाची सोय सुरू झाली. माल धाडावयाचा असेल त्याने दूरध्वनीने कळवावे, व ती माहिती थांब्यावरील पडद्यावर झळकावी. चहाकॉफी घेत बसलेल्या चालकांनी ती वाचून आपणांस सोयीचे भाडे पत्करावे, अशी ही योजना होती. दोन वर्षांनी, म्हणजे १९८० साली, अमेरिकेत मोटार वाहतुकीवरील सरकारी निर्बंध कायद्याने सैल झाले, हजारो लहान मालक धंद्यात उतरले, आणि अशा फळ्यांची गरज वाढली. ती संस्था 'डॅट' ह्या आद्याक्षरांच्या नावाने आजही चालू आहे. युरोपात फ्रान्समध्ये १९८५ साली 'टेलिरूट' निघाली. इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी फ्रेंच टपालखात्याने घरोघरी 'मिनिटेल' नावाचे एक लहानसे पडद्याचे यंत्र दिले होते, आणि त्यावर मालाच्या व रिकाम्या गाड्यांच्या याद्या पाहावयास मिळत. जर्मनीत १९९७ साली 'टिमोकॉम' सुरू झाली. एवढी सोय असूनही युरोपातील मालमोटारींच्या एकूण धावेपैकी सुमारे एक पंचमांश धाव आजही रिकामी होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे हे साधन लहान मालकाच्या हाती आले ते मोबाईल व स्वस्त इंटरनेट यांच्या मागोमाग. बंगळूर येथे २०१५ साली स्थापन झालेली 'ब्लॅकबक' ही कंपनी त्यांतील विशेष प्रसिद्ध असून २०२४ च्या नोव्हेंबरात तिचे भाग शेअर बाजारात आले. अशी आणखीही पोर्टले आहेत. त्यांची जाहिरात करण्याचा येथे हेतू नाही.

हे काम आतून कसे चालते ते थोडक्यात सांगतो. मालकाने प्रथम आपल्या गाडीची नोंद करावयाची: क्रमांक, चाके किती, हौद्याची लांबी किती फूट, हौदा उघडा की बंद, किती टन माल चालतो. नंतर गाडी आज कोठे आहे, केव्हा रिकामी होईल व कोणत्या दिशेने जावयाची आहे ते कळवावयाचे. माल धाडणाराही तसेच कळवितो: लोखंडी सळ्या की खोकी, किती टन, कोठून कोठे, कोणत्या दिवशी, काय दर. यंत्र ह्या दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहते. माणसास पन्नास याद्या चाळण्यास सकाळ पुरणार नाही. यंत्र हजारो याद्या क्षणात चाळते. याशिवाय गाडीवर बसविलेल्या उपकरणाने वा चालकाच्या मोबाईलने गाडीचा ठावठिकाणा कळत असतो. त्यामुळे गाडी अजून रस्त्यात असतानाच पुढील गावचे भाडे तिच्यासाठी पाहता येते.

परंतु मला स्वतःस जे सर्वांत मौजेचे वाटले ते निराळेच. दिल्लीचा दलाल आपणांस दिल्लीहून खानदेशापर्यंतचे भाडे मिळवून देऊ शकतो, कारण त्याला दिल्ली ठाऊक असते. असे सरळ भाडे नसले तर तो हात झटकतो. पोर्टलास मात्र मधली गावेही दिसतात. आमच्या ह्या पालकांस सरळ भाडे मिळालेच नव्हते. त्यांनी मोबाईलवर पाहिले, तो दिल्लीहून कोट्यास पंख्यांची खोकी न्यावयाची होती. मे महिना, कोट्यात परीक्षांच्या शिकवण्यांसाठी देशभरातून आलेली मुले हजारोंनी राहतात, आणि त्यांच्या वसतिगृहांस पंखे हवे होते. दर बेताचाच होता, पण वाट परतीचीच होती. खोकी कोट्यात उतरण्याच्या आदल्या रात्रीच त्यांस दुसरी नोंद दिसली. कोट्याच्या दक्षिणेस रामगंज मंडी म्हणून गाव आहे व फरशीच्या खाणी त्याच्याच आसपास आहेत. तेथून खानदेशात फरशी पोचवावयाची होती. अर्धी येथील एका व्यापाऱ्याची, अर्धी आपल्या शाळेची. अशा रीतीने दोन तुकडे जोडून पूर्ण वाट भरली. झालावाड, इंदूर, बऱ्हाणपूर असे करीत गाडी घरी आली आणि वाटेत एकही दिवस खाडा पडला नाही.

भाड्याखेरीज इतर कामेही अशा पोर्टलांवर होतात. एका गाडीच्या मालकास मुनीम ठेवणे परवडत नाही. विमा कधी संपतो, पासिंग कधी करावयाचे, परवाना व धुराचा दाखला कोणत्या तारखेपर्यंत चालतो, हे सर्व तो एका कळकट पाकिटात कोंबून चालकाच्या फळीखाली ठेवतो, आणि एखादी तारीख चुकली म्हणजे रस्त्यात दंड भरतो. आता पोर्टल त्यास आठ-पंधरा दिवस आधी सूचना देते. टोलनाक्यावरील फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाला. त्याचा जमाखर्च तेथेच पाहता येतो. डिझेल किती भरले, खेपेस किती खर्च आला, शिल्लक काय राहिली, हेही मांडता येते. आपल्यापैकी पुष्कळ मालक वर्षानुवर्षे गाडी चालवितात. पण कोणत्या वाटेवर नफा झाला व कोणत्या वाटेवर घरचे गेले, हे त्यांस सांगता येत नाही. आमच्या पालकांसही येत नव्हते. त्यांच्या मुलीने सहा महिन्यांच्या खेपा मांडून पाहिल्या तेव्हा असे आढळले की, ज्या एका व्यापाऱ्याचे भाडे त्यांस सर्वांत मोठे वाटे, त्याच्या दारी माल उतरण्यास दोन दोन दिवस लागत व वाराईही त्यांच्याच माथी बसे. त्यामुळे तेच भाडे सर्वांत तोट्याचे होते.

सरकारी पोर्टलांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर देशभर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरील जकातवजा तपासणीनाके उठले. त्यानंतर १ एप्रिल २०१८ पासून, पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ई-वे बिल काढणे आवश्यक झाले. हे बिल पोर्टलावरच निघते. ताज्या केळ्यांस ते लागत नाही, फरशीस लागते. दर दोनशे किलोमीटरांमागे त्याची मुदत एक दिवसाची असते. वाटेत गाडी नादुरुस्त होऊन माल दुसऱ्या गाडीत भरला तर नव्या गाडीचा क्रमांक त्यात घालावा लागतो. ज्याने ही गोष्ट विसरून गाडी पुढे हाकली त्याला तपासणीत गाडी अडकवून ठेवल्याचा अनुभव येतो. उलटपक्षी, मालमोटारीचा क्रमांक घालून तिची नोंदणी व विमा खरे आहेत की नाहीत हे कोणासही सरकारच्या 'वाहन' पोर्टलावर पाहता येते. माल धाडणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय, कारण अनोळखी गाडीत लाखाचा माल भरताना त्याच्याही छातीत धडधडत असते.

येथवर जे लिहिले त्यावरून पोर्टल म्हणजे कल्पवृक्ष अशी कोणाची समजूत झाली असल्यास ती मला दुरुस्त केली पाहिजे. जेथे मालच नाही तेथे पोर्टल माल निर्माण करीत नाही. काही प्रदेशांतून माल पुष्कळ बाहेर जातो व आत थोडा येतो. काहींचे याच्या उलट असते. ज्या बाजूस गाड्या फार व माल थोडा, त्या बाजूस परतीचे भाडे नेहमीच पडेल राहणार. किंबहुना पोर्टलामुळे ते कधी कधी आणखी पडते. पूर्वी दलालाच्या पेढीवर पाच गाडीवाले बसत; आता एकाच नोंदीपुढे पन्नास गाडीवाले उभे असतात, आणि ज्याचा हप्ता उद्या भरावयाचा आहे तो कोणत्याही दरास 'हो' म्हणतो. पूर्वीचे दर त्याच पडद्यावर दिसतात हा त्यावर थोडा उतारा आहे. कोट्याहून खानदेशात काल काय दर चालला हे ज्यास ठाऊक आहे त्याला फसविणे कठीण जाते. परंतु दर ठाऊक असणे निराळे आणि तो मिळेपर्यंत थांबण्याची ऐपत असणे निराळे.

दलालास सर्वस्वी खलपुरुष ठरविण्याची जी पद्धत पडली आहे तीही मला मान्य नाही. तो दलाली घेतो व कित्येकदा अवाच्या सवा घेतो, हे खरे. पण तो काय काय करतो ते पाहा. माल भरताना भाड्यातील बराचसा भाग डिझेलसाठी रोख हातावर ठेवतो. माल पोचल्याची पोच आणून दाखविली की उरलेले भाडे देतो. मालवाल्याने त्याला महिन्याने दिले तरी गाडीवाल्यास तो पुष्कळदा आधी देतो. रात्री दोन वाजता गाडी आडरानात बंद पडली तर चालक त्यालाच उठवितो. ही ओळख, ही पत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून आलेली असते. पोर्टलाने मालाचा पत्ता सांगितला. पण पत्ता सांगणारा पैशाची हमी घेतोच असे नाही. अज्ञान दूर करणे यंत्रास साधले आहे, अविश्वास दूर करणे अद्याप पुरते साधलेले नाही, असे माझे मत आहे. अमेरिकेतील 'कॉन्व्हॉय' ह्या कंपनीची गोष्ट या बाबतीत ध्यानात घेण्याजोगी आहे. ही २०१५ साली सिएटल येथे निघाली. दलाल व त्याच्या पेढीवरील माणसे यांचे काम यंत्राने करावयाचे, अशी तिची प्रतिज्ञा होती, आणि जगातील बड्या धनिकांनी तिच्यात पैसा घातला होता. मालवाहतुकीस मंदी आली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिने आपला धंदा बंद केला. तिचे यंत्र मात्र वाया गेले नाही; हातोहाती फिरत ते २०२५ साली विकत घेतले कोणी, तर चालकांच्या थांब्यावर पडदा लावून सुरू झालेल्या त्याच जुन्या 'डॅट'ने.

अविश्वासाचा अनुभव आमच्या पालकांसही आलेला आहे. कोट्याच्या फेरीच्या आधी, जानेवारीत, त्यांनी मोबाईलवर पाहून एका अनोळखी माणसाचे भाडे पत्करले. अर्धे भाडे आगाऊ मिळाले. माल सुखरूप पोचला, पोचेवर सहीशिक्का झाला, आणि त्यानंतर बाकीच्या अकरा हजारांसाठी दूरध्वनी केला की, कधी माणूस बाहेर, कधी बँक बंद, आणि पुढे पुढे दूरध्वनी उचलणेच बंद. पोर्टलाकडे तक्रार केली तेव्हा उत्तर आले की, हा व्यवहार आपसांतील असल्याने आम्ही फक्त त्या इसमाची नोंद काढून टाकू शकतो. नोंद निघाली; पैसे निघाले नाहीत. अशा वेळी परगावी कोर्टकचेरी करण्यास अकरा हजारांहून अधिक खर्च येतो, आणि हे समोरच्या माणसास चांगले ठाऊक असते. म्हणून जे पोर्टल भाड्याची रक्कम मालवाल्याकडून आधी घेऊन स्वतःपाशी ठेवते व पोच मिळताच गाडीवाल्यास देते, ते दलाली थोडी अधिक घेत असले तरी लहान मालकाने तेच पत्करावे, असे मला वाटते. जर्मनीतील टिमोकॉमने सभासद घेतानाच छाननी करण्याची व थकलेली येणी वसूल करून देण्याची व्यवस्था पुष्कळ आधीपासून ठेवली आहे. त्यामागील कारण हेच असावे.

ह्या फसवणुकीनंतर त्यांच्या घरी एक नवी वहिवाट पडली. वडील दिल्लीहून वा कोट्याहून भाड्याची नोंद मुलीकडे पाठवितात आणि मुलगी अभ्यास बाजूस ठेवून (हे तिच्या वर्गशिक्षकांनी वाचू नये) दहा मिनिटांत ती तपासते. माल धाडणाऱ्याने दिलेला कर-क्रमांक सरकारी पोर्टलावर घालून त्या नावाची पेढी खरोखर आहे काय, आणि तिची नोंदणी चालू आहे की रद्द झालेली आहे, हे ती प्रथम पाहते. मध्ये कोणी दलाल असल्यास त्याचा नोंदणी-क्रमांक मागते. रस्त्याने मालवाहतूक करण्याविषयीचा जो २००७ सालचा कायदा आहे त्यात 'सामान्य वाहक' या शब्दात दलाल व बुकिंग करणाऱ्या कंपन्याही येतात, व त्यांनी नोंदणी केली पाहिजे असे आहे. ही गोष्ट पुष्कळ मालकांस ठाऊकच नसते. बिल्टीवर मालाचे वजन, किंमत, भाडे व बाकी स्वच्छ लिहून घेतल्याशिवाय गाडी हलवू नये असे ती वडिलांस बजावते. आणि भाडे मिळण्याआधीच कोणी 'अनामत' किंवा 'गेटपास' म्हणून पैसे मागू लागला तर ती नोंद तेथल्या तेथे सोडून द्यावयाची. मार्च महिन्यात तिने अशा दोन नोंदी सोडावयास लावल्या. त्यांपैकी एकीत दर इतका चांगला होता की वडील दोन दिवस तिच्यावर रुसले होते.

इंग्रजी वाचता येत नाही म्हणून जे पालक अशा पोर्टलांपासून दूर राहतात त्यांच्यासाठी एवढे सांगणे अवश्य आहे की, पुष्कळ ठिकाणी आता देशी भाषांची सोय झालेली आहे. परंतु अटींचा मजकूर, जेथे दलाली किती व जबाबदारी कोणाची ते लिहिलेले असते, तो अद्याप बहुधा इंग्रजीतच असतो. तो वाचून दाखविणे आठवी-नववीच्या मुलास अशक्य नाही. कठीण शब्द घेऊन कोणी माझ्याकडे आले तर शनिवारी दुपारी मी शाळेत असतो.

त्या दिवशी फरशी उतरून झाल्यावर त्यांनी पोचेवर आपल्या मुख्याध्यापकांची सही घेतली, शिक्का मागून घेतला, आणि त्या कागदाचे मोबाईलने छायाचित्र काढून तेथल्या तेथे पाठविले. पाच मिनिटांत भाड्याची बाकी त्यांच्या खात्यात जमा झाल्याचा निरोप आला. जानेवारीतील त्या अकरा हजारांपैकी मात्र हा अंक छापावयास जाईपर्यंत चार हजारच वसूल झाले आहेत.